जुन्या स्नेअर ड्रमची संहिता

‘स्नेअर ड्रम’ हे पाश्चात्त्य तालवाद्य लष्कराच्या व पोलिसांच्या बँडमुळे, लग्नाच्या वरातींमुळे आणि चित्रपटसंगीतामुळे आपल्या कानांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याचे नाव मात्र सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. साधारणतः १४ इंच व्यासाचे व पाच ते साडेसहा इंच उंचीचे, लाकडाचे अथवा धातूचे एक नळकांडे. त्याच्या दोन्ही तोंडांवर ताणून बसविलेल्या पुड्या. वरच्या पुडीवर काठ्यांचा आघात आणि खालच्या, अतिशय पातळ अशा पुडीला बिलगून आडव्या गेलेल्या तारांची झणझण, असे या वाद्याचे स्थूल स्वरूप आहे. ‘स्नेअर’ ही संज्ञा या तारांची. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकविलेला दोरा जे कार्य करतो त्याच जातीचे, परंतु पुष्कळच ओबडधोबड असे कार्य या तारा करतात. स्वच्छ नादात हेतुपुरस्सर मिसळलेली खरखर हाच दोन्हीकडे वाद्याच्या व्यक्तिमत्त्वाचा गाभा आहे.

या वाद्याच्या वादनाशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झालेल्या जुन्या स्नेअर ड्रमांचा संग्रह करणे, त्यांचे पृष्ठभाग नव्याने सजविणे आणि त्यांची खरेदी-विक्री करणे हा तेथे गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र व्यवहार होऊन बसला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे वाटण्याचे कारण असे, की या व्यवहारात पदोपदी विचारले जाणारे प्रश्न जुन्या हस्तलिखिताच्या संपादकाला अपरिचित नाहीत. मूळ कोणते? उत्तरकालीन भर कोणती? ती कोणी व केव्हा घातली? ती काढून टाकावी की तीही इतिहासाचा भाग मानून राहू द्यावी? फरक एवढाच, की हस्तलिखित वाचून पुन्हा बासनात बांधता येते; ड्रम वाजवावा लागतो, आणि वाजविण्यासाठी त्यात काहीतरी बदलावेच लागते. हा पेच जेवढा व्यावहारिक तेवढाच तात्त्विकही आहे.

प्रथम नाममुद्रेचा प्रश्न घेऊ. विल्यम व थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ साली शिकागो येथे आपला उद्योग सुरू केला. थिओबाल्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत निधन पावला. १९२९-३० च्या सुमारास हा उद्योग एल्कहार्ट येथील ‘कॉन’ या बलाढ्य वाद्यनिर्मात्याच्या ताब्यात गेला. इंडियानापोलिसचा प्रसिद्ध ‘लीडी’ हा कारखानाही त्याच सुमारास कॉनने घेतला. पुढे विल्यम लुडविग कॉनमधून बाहेर पडला आणि १९३७ मध्ये त्याने शिकागोत नवा कारखाना काढला. परंतु स्वतःचे आडनाव तो विकून बसला होता! त्यामुळे नव्या मालावर त्याला ‘डब्ल्यू.एफ.एल.’ ही केवळ आद्याक्षरे घालावी लागली. मधल्या काळात कॉनने ‘लीडी अँड लुडविग’ असे जोडनावही वापरले. १९५५ मध्ये लुडविग हे नाव मूळ घराण्याकडे परत आले आणि लीडी हे नाव शिकागोच्याच ‘स्लिंगरलँड’ या प्रतिस्पर्ध्याकडे गेले. १९८१ मध्ये लुडविग कंपनी ‘सेल्मर’च्या मालकीची झाली आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो येथे हलविण्यात आले.

तात्पर्य, १९४० च्या आसपासच्या एखाद्या ड्रमवर ‘लुडविग’ असा बिल्ला असेल तर तो लुडविगच्या हाताखालचा नव्हे, आणि ज्यावर हे नाव नाही तो मात्र लुडविगचा असू शकतो. नामदेवांच्या गाथेत विष्णुदासनाम्याची पदे कशी मिसळून गेली आणि केवळ ‘नामा म्हणे’ एवढ्या साक्षीवर कर्तृत्व ठरविणे किती धोक्याचे आहे, हे मराठी अभ्यासकाला सांगावयास नको. फरक असा, की येथे मिसळ भक्तीने किंवा अनवधानाने झालेली नसून खरेदीखताने झालेली आहे.

कालनिश्चितीची साधने पाहू गेले असता तेथेही हीच सावधगिरी लागते. लुडविगने १९६३-६४ च्या सुमारास बिल्ल्यांवर अनुक्रमांक छापावयास सुरुवात केली. वरवर पाहता हे मोठेच सुदैव. परंतु कारखान्यात बिल्ले खोक्यांत भरलेले असत आणि कामगार हाताला येईल तो बिल्ला उचलून लावीत असे. क्रमांकांच्या अनुक्रमाने ड्रम तयार झाले असे मुळीच घडले नाही. म्हणून क्रमांकावरून वर्ष अदमासेच सांगता येते. लाकडी ड्रमांच्या आतील भिंतीवर पुष्कळदा लाल शाईने तारखेचा शिक्का मारलेला आढळतो. त्याची साक्ष अधिक विश्वसनीय, कारण तो गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी मारलेला नव्हता. पोथीच्या पुष्पिकेपेक्षा समासातली लेखकूची टिपणे अनेकदा अधिक खरे बोलतात, तसाच हा प्रकार. बिल्ल्याचा आकार, ताणाचे स्क्रू ज्यांत फिरतात त्या ‘लग’ नामक भागांची घडण, तारा सैल-घट्ट करणाऱ्या ‘स्ट्रेनर’चा नमुना, आतील रंग आणि कंपनीच्या जुन्या सूचिपत्रांतील चित्रे ही सर्व साधने एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच काही विधान करता येते.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सच्या रिंगो स्टारने एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात लुडविगचा संच वाजविला आणि मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालविणे भाग पडले. अशा घाईच्या काळात हाताशी असतील ते जुने-नवे भाग एकत्र जोडले जातात. एकाच ड्रमवर दोन कालखंडांचे भाग दिसले म्हणजे तो बनावट, असा निष्कर्ष म्हणूनच घिसाडघाईचा ठरतो. ती सरमिसळ कारखान्यातच झालेली असू शकते. जाता जाता सांगावयाचे म्हणजे रिंगोचा त्या काळातला पहिला लुडविग संच डिसेंबर २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. परंतु ती किंमत वाद्याची नव्हे, वाद्याला लागलेल्या हाताची आहे. अवशेषपूजेचा तो प्रांत निराळा, आणि आपल्या प्रश्नावर त्याचा फारसा प्रकाश पडत नाही.

प्रकाश पडतो तो ‘ब्लॅक ब्यूटी’वर. १९२० नंतरच्या दशकात लुडविगने पितळेच्या नळकांड्यावर काळ्या निकेलचा मुलामा देऊन त्यावर हाताने वेलबुट्टी कोरलेले ड्रम काढले. (हे नाव सूचिपत्रात पुढे १९३० नंतर आले.) कोरणारा कारागीर रुंद तोंडाचे हत्यार डावी-उजवीकडे डुलवीत पुढे नेई, त्यामुळे काळा थर निघून खालचे पितळ नागमोडी रेषांनी उजळून निघे. प्रत्येक ड्रमवरची नक्षी ठरावीक आकृतिबंधाची असली तरी हात वेगवेगळे असल्याने एकासारखा दुसरा नाही. आता अडचण अशी, की काळ्या निकेलचा हा थर अत्यंत पातळ असतो. शतकभराच्या हाताळणीने तो जागोजाग विरतो, त्यावर डाग पडतात, आणि ज्याला तो नव्यासारखा लखलखीत करावयाचा आहे तो झिलईच्या दोन-चार हातांत नेमके तेच पुसून टाकतो जे जपावयाचे होते.

येथे एक सांस्कृतिक भेद नोंदविण्याजोगा आहे. आपल्याकडे पितळ ही चिंचेने घासून लख्ख करण्याची वस्तू आहे. सणाच्या आदल्या दिवशी समई काळवंडलेली राहिली तर ती घरच्या बाईची हेळसांड मानली जाते. झिलई, कल्हई, मुलामा, उजाळा असे चकाकी आणण्याचे कितीतरी शब्द मराठीत आहेत. काळाने आणलेल्या मळकट झाकेचे मूल्य सांगणारा सहजरूढ शब्द मात्र सापडत नाही. अमेरिकन संग्राहकाला तीच झाक हवी असते. ती त्याला सुंदर वाटते म्हणून नव्हे, निदान केवळ म्हणून नव्हे, तर ती बनावटीने आणता येणे कठीण आहे म्हणून. ती साक्षीदार आहे. न घासलेल्या, डागाळलेल्या ड्रमला घासून चकचकीत केलेल्या ड्रमपेक्षा अधिक किंमत येते, हे प्रथम ऐकणाऱ्याला उफराटे वाटते. पण त्यामागे हे गणित आहे.

१९६० च्या सुमारास लुडविगने काढलेला ‘सुप्राफोनिक’ हा धातूचा ड्रम याच्या उलट टोकाचा होय. तो दुर्मिळ नाही. असंख्य ध्वनिमुद्रणांत तो वाजलेला आहे. आरंभीची नळकांडी पितळेची होती. १९६३ च्या आसपास ती ॲल्युमिनियमची झाली. दोहोंवर क्रोमियमचा मुलामा, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. चुंबक दोहोंनाही चिकटत नाही. तराजू मात्र खोटे बोलत नाही, कारण पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. ॲल्युमिनियमवर क्रोमियम नीट धरत नाही, ही या ड्रमची जन्मजात व्याधी. कालांतराने बारीक फोड येतात, खड्डे पडतात, पापुद्रे सुटतात. नवा मुलामा द्यावयाचा तर जुना सर्व उतरवून खालचा धातू घासावा लागतो. कित्येक जण सरळ मुलामा काढून उघडे ॲल्युमिनियम ठेवतात. असे करण्यात फारसा अपराध आहे असे मला वाटत नाही. ज्या वस्तूच्या हजारो प्रती उपलब्ध आहेत तिच्या एका प्रतीत हस्तक्षेप झाल्याने पुरावा नष्ट होत नाही. एकमेव प्रतीच्या बाबतीत मात्र तोच हस्तक्षेप अक्षम्य ठरेल. संपादनशास्त्रातही प्रतींची संख्या पाहूनच संपादकाच्या धाडसाची मर्यादा ठरते.

लाकडी ड्रमांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि खरे नुकसान येथेच अधिक झाले आहे. या ड्रमांना पुष्कळदा मोत्याच्या शिंपल्यासारखी चमक असलेल्या सेल्युलॉइडच्या पत्र्याचे वेष्टन असे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण. घरातल्या डबीतला कापूर जसा उडून जातो तसा यातलाही वर्षानुवर्षे हळूहळू उडत राहतो; पत्रा आकसतो, सांध्याशी उकलतो, त्याला भेगा पडतात. प्रकाशाने व नाइट-क्लबांतल्या सिगारेटच्या धुराने पांढरे वेष्टन पिवळे, मग मधाच्या रंगाचे होते. अशा ड्रमवरचे लग काढले तर त्यांच्याखाली झाकल्या गेलेल्या जागा पुष्कळदा अजून फिकट असतात. मूळ रंग कोणता होता याचे उत्तर तेथे लिहिलेले असते. वेष्टन सोलून काढणारा हे उत्तर केराच्या टोपलीत टाकतो. शिवाय हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही आहे. उष्णता देऊन तो सोलण्याचे काम जपून करावे लागते, ही गोष्ट वेगळीच.

१९७० नंतरच्या दशकात लाकडाचा नैसर्गिक रंग दाखविण्याची आवड बळावली आणि अनेकांनी आपल्या ड्रमांची वेष्टने उतरवून खालच्या लाकडाला वॉर्निश दिले. वरवर पाहता ही ‘मूळाकडे’ परतण्याची क्रिया. वस्तुतः तसे काही नाही. जे नळकांडे वेष्टन चढविण्यासाठीच घडविले होते त्याचे वरचे लाकूड दर्शनी कामासाठी निवडलेले नसे. नैसर्गिक लाकडाचा तो नमुना त्या रूपात कारखान्यातून कधी बाहेरच पडला नव्हता. आवरणे काढीत गेल्याने मूळ हाती लागते हा भ्रम आहे. कधीकधी आवरण हेच मूळ असते. प्रक्षिप्त वाटणारे सर्व श्लोक काढून टाकले की उरतो तो ‘शुद्ध’ ग्रंथ, असे मानणाऱ्या एकेकाळच्या उत्साही संपादकांची येथे आठवण होते.

पृष्ठभागापेक्षाही नाजूक जागा म्हणजे नळकांड्याचा काठ. पुडी ज्या धारेवर टेकते तिच्या उतारावर आणि गोलाईवर नादाचे चारित्र्य अवलंबून असते. खालच्या काठावर तारा बसाव्यात म्हणून दोन ठिकाणी अगदी उथळ खोलगट केलेले असते. १९३६ च्या सुमारास स्लिंगरलँडने बाजारात आणलेला ‘रेडिओ किंग’, जीन क्रुपाने बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात ज्याचे नाव गाजविले, तो मेपलची एकच अखंड फळी वाफेवर वाकवून केलेला असे. फळी सरळ होण्याचा आपला स्वभाव सोडत नाही. कालांतराने सांधा उकलतो, वर्तुळ बिघडते. त्याचा काठ गोलसर असे व पुड्या वासराच्या कातड्याच्या असत. १९५७ मध्ये रेमो बेली याने मायलर या पॉलिएस्टरच्या पुड्या बाजारात आणल्यावर हवेतील ओलाव्याने ढिली पडणारी कातडी मागे पडली. परंतु कातडे कड्यावर ओले करून चढविले जाई, त्यामुळे ते थोड्याफार फरकाने कोणत्याही घेरावर बसे. तयार मापाची नवी पुडी काही जुन्या नळकांड्यांवर जेमतेम बसते किंवा बसतच नाही. मग मालकाने काय करावे? पुष्कळांनी नळकांडेच घासले, काठ नव्या पद्धतीने धारदार कापून घेतला. ड्रम सुरेल लागला, पण त्याचा जुना आवाज कसा होता हे आता कोणालाही ऐकता येणार नाही. बदललेला स्ट्रेनर उद्या काढून जुना लावता येतो. कापलेला काठ परत येत नाही. वेष्टनाविषयी एवढा वाद घालणारे लोक काठाविषयी तितके हळवे नसतात, याचे मला आश्चर्य वाटते. कारण वाद्याचा अर्थ अखेर तेथे आहे.

दुसऱ्या महायुद्धातील ड्रम हा या विषयातला एक छोटा पण विलक्षण अध्याय आहे. १९४२ मध्ये अमेरिकन शासनाने वाद्यांतील धातूसारख्या युद्धोपयोगी द्रव्यांचे प्रमाण वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. तेव्हा स्लिंगरलँडने ‘रोलिंग बॉम्बर’ नावाचे, लगसुद्धा लाकडाचे असलेले ड्रम काढले. इतरांनीही तसेच काही केले. युद्ध संपताच वादकांनी त्यातले लाकडी भाग काढून धातूचे बसविले असल्यास नवल नाही, कारण तंगीच्या दिवसांची आठवण कोणाला हवी होती? आज नेमके तेच लाकडी लग शोधले जातात. मूल्य वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या काळात असते, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

व्यापाऱ्याचे वाचन संग्राहकाहून भिन्न असते. १९९५ मध्ये ‘ईबे’ आणि २०१३ मध्ये शिकागोत ‘रिव्हर्ब’ ही संगणकीय बाजारपेठ सुरू झाल्यानंतर कोणत्या भागाला काय किंमत येते हे कोणालाही दिसू लागले. त्याचा एक परिणाम असा झाला, की काही ड्रम अखंड विकण्यापेक्षा सुटे करून विकणे लाभाचे ठरले: कडी एकाला, स्ट्रेनर दुसऱ्याला, बिल्ला तिसऱ्याला. चित्रमय पोथीची पाने सुटी करून विकणारे दलाल आपण पाहिले आहेतच. सुट्या भागांच्या या बाजारामुळे खंडित वाद्ये पूर्ण करता येतात हे खरे. पण त्यासाठी दुसरी वाद्ये खंडित होतात. बिल्ला सुटा विकला जाऊ लागला की नाममुद्रेवरचा उरलासुरला विश्वासही संपतो. नळकांड्याच्या हवेच्या छिद्राभोवती एका पोकळ रिव्हेटने तो बसविलेला असतो, आणि रिव्हेट काढून पुन्हा ठोकणे हे काही फार मोठे कौशल्य नव्हे.

मग काहीच बदलू नये काय? हा आग्रह मला मान्य नाही. तबल्याचे उदाहरण घ्या. पुडी फाटते, वादी झिजते, गट्टे हरवतात. हे सर्व वेळोवेळी बदलले जाते, आणि तरी ‘हा आजोबांचा तबला’ या म्हणण्याला बाध येत नाही, कारण खोड तेच आहे. तंबोऱ्याची जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. घोडीवर कानस फिरली म्हणून कोणी तंबोरा भ्रष्ट झाला असे मानीत नाही. बदलण्यासाठीच असलेले भाग आणि राहण्यासाठी असलेले भाग हा विवेक आपल्या वाद्यपरंपरेत कारागिराच्या हातात मुरलेला आहे. स्नेअर ड्रमलाही तो लावता येईल. पुड्या व तारा बदलाव्यात; काठ, भिंत आणि पृष्ठभाग यांना शक्यतो हात लावू नये; लावावाच लागला तर काय केले ते लपवू नये.

या शेवटच्या गोष्टीसाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत एक साधी युक्ती आहे. जेथे स्वीकारलेला पाठ निश्चित नाही तेथे त्याखाली नागमोडी रेषा छापलेली असते. वाचनात खंड पडत नाही, पण जाणत्याला इशारा मिळतो. चांगला दुरुस्तीकार असेच काहीसे करतो. काढलेला जुना भाग पिशवीत घालून ड्रमसोबत देतो, नवा स्क्रू नवा दिसेल असाच बसवितो, आतील भिंतीवर केलेल्या कामाची तारीख लिहितो. जॉन ऑल्ड्रिजसारख्या कोरक्यांनी ब्लॅक ब्यूटीची लुप्त झालेली नक्षीकला पुन्हा हस्तगत केली. नव्या नळकांड्यावर अशी नक्षी काढली तर ती परंपरेचे पुनरुज्जीवन होय. जुन्या, नक्षी नसलेल्या काळ्या ड्रमवर ती काढली तर मात्र तिच्यासोबत कोरणाऱ्याची सही व वर्ष असावे लागते. ड्रमच्या आतल्या बाजूला केलेली अशी सही पुसण्यास बोटभर पॉलिश पुरते, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेली चिठ्ठी तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच याची शाश्वती कोणी देत नाही.